तीन वर्षांचे प्रमाणपत्र

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा मोबाइल टॉवरच्या देखभालीचे काम करतो. बॅटऱ्या, डिझेल आणि विजेच्या नोंदी ठेवण्यात चार वर्षे गेल्यावर त्याने सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’ ही परीक्षा द्यावयाचे ठरविले. काम मोबाइलचे असता संगणकजाळ्याची परीक्षा कशासाठी, असे मी विचारले.

“काका, बिनतारी प्रवास अनेकदा फोनपासून टॉवरपर्यंतच असतो. पुढे सारे फायबर आणि राउटर. फोरजीवरचा आवाजसुद्धा डेटाच्या पाकिटांतूनच जातो.”

या परीक्षेस पदवीची अट नाही. अवधी दोन तासांचा. एकदा पुढे गेले की मागील प्रश्नाकडे परतता येत नाही. शुल्क ३०० डॉलर, म्हणजे त्याच्या पगाराच्या मानाने जडच. आणि प्रत्येक प्रयत्नास ते नव्याने भरावे लागते.

अभ्यासातील ‘सबनेटिंग’ने मात्र मलाही ओढून घेतले. एम.कॉम. झालेल्या माणसाला आकडे दिसले की स्वस्थ बसवत नाही! जाळ्यातील पत्ता ३२ बिटांचा असतो. ‘/२६’ लिहिले की त्यांतील २६ बिटे जाळ्याच्या खाती पडतात, उरतात सहा. दोनाचा सहावा घात ६४. त्यांपैकी पहिला पत्ता जाळ्याचा स्वतःचा आणि अखेरचा सर्वांना एकदम हाक देण्यासाठी राखीव; प्रत्यक्ष वाटपास राहिले ६२. खतावणीतील आरंभीची आणि अखेरची शिल्लक हे जसे व्यवहार नव्हेत, तसेच हे दोन पत्ते. रोज रात्री मी त्याला अशी दहा उदाहरणे घालीत असे.

तरीही पहिल्या प्रयत्नात तो अनुत्तीर्ण झाला. बंधू म्हणाले, “पैसे पाण्यात गेले.” पाच दिवसांनंतर पुन्हा बसता येते. तेवढ्यात एका परिचिताने परीक्षेतील खरेच प्रश्न जमविलेला एक संच पुढे केला. दुसरे शुल्क मी भरणार होतो. क्षणभर मलाही मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. मुलाने मात्र तो संच उघडला नाही. “रात्री दोनला लिंक तुटली, तर पाठ केलेली उत्तरे काय कामाची?”

पाच दिवसांऐवजी तो तीन महिने थांबला. ‘पॅकेट ट्रेसर’ या सिस्कोच्या मोफत साधनावर संगणकाच्या पडद्यावरच जाळी उभारता येतात. तो ती मुद्दाम बिघडवी आणि पुन्हा दुरुस्त करी. राउटिंगला परीक्षेत एकचतुर्थांश वजन आहे आणि तोच त्याचा कच्चा भाग होता. दुसऱ्या खेपेस तो उत्तीर्ण झाला.

आमच्या वेळी सीएआयआयबी एकदा उत्तीर्ण झाले की तिची वेतनवाढ निवृत्तीपर्यंत सोबत करी. याच्या प्रमाणपत्राची मुदत तीनच वर्षे. मला ते अन्यायाचे वाटले, त्याला नाही.

नवी नोकरी अद्याप मिळालेली नाही. दोन मुलाखती झाल्या, तिसरी पुढील आठवड्यात आहे. तोवर तो टॉवरवर जातोच. फक्त लिंक तुटली की नियंत्रण कक्षातील अभियंत्याला नेमके काय विचारावे, हे आता त्याला कळते.