इन्स्टॉलरची पारख : पूर्वतपासणी आणि माघार

धान्याचा ट्रक दारात लागला म्हणून कोणताही जाणता व्यापारी पोती लागलीच थप्पीला लावीत नाही. प्रथम नमुना पाहावयाचा, ओल तपासावयाची, गोदामात जागा आहे की नाही हे बघावयाचे आणि मगच हमालांना हाक मारावयाची, ही आपल्या वाडवडिलांची रीत. सौदा मध्येच फिसकटला, तर उतरलेली पोती मोजून परत ट्रकमध्ये चढवावयाची व दोन्हीकडचा हिशेब मोकळा करावयाचा, हीही रीतच. संगणकात नवा प्रोग्राम घेताना या दोन रीती पाळल्या जातात की नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आज आपली कीर्द, खतावणी, मालसाठा व जीएसटीची विवरणपत्रे संगणकात असतात; त्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

प्रोग्राम संगणकात बसविणाऱ्या साधनास इन्स्टॉलर म्हणतात. बोलताना आपण त्यालाच ‘सेटअप’ म्हणतो. मोठ्या कंपन्यांचे तयार प्रोग्राम असंख्य ठिकाणी बसविले जाऊन पारखले गेलेले असतात. परंतु आपल्यापैकी कित्येकांनी अडत, तोलाई, बारदाना यांच्या हिशेबासाठी स्थानिक प्रोग्रामरकडून स्वतंत्र प्रोग्राम करून घेतले आहेत. त्यांचा इन्स्टॉलरही तसाच स्वतंत्र बनविलेला असतो व त्याची खरी परीक्षा बहुधा आपल्याच पेढीवर होते. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलो. तथापि आमच्या पेढीचे काम करणाऱ्या तरुणाकडून हा विषय नेटाने समजून घेतला, तो येथे मांडीत आहोत.

प्रथम पूर्वतपासणी. विंडोजची आवृत्ती योग्य आहे काय, डिस्कवर जागा पुरेशी आहे काय, बसविणाऱ्यास अधिकार आहे काय, जुना प्रोग्राम चालू तर नाही, आणि ज्यांच्या आधारावर नवा प्रोग्राम चालावयाचा ती डॉट नेट फ्रेमवर्क किंवा एस्क्यूएल सर्व्हर यांसारखी साधने हजर आहेत काय, हे इन्स्टॉलरने कशालाही हात लावण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

या पाहण्यातही खुबी आहे. 2019 साली निघालेल्या डॉट नेट फ्रेमवर्क 4.8 चे उदाहरण घ्या. ते संगणकात आहे की नाही, हे विंडोजच्या रजिस्ट्रीतील ‘रिलीज’ नावाच्या एका आकड्यावरून कळते. परंतु हा आकडा सर्वत्र एकच नसतो. 2019 च्या मे महिन्यातील विंडोज 10 वर तो 528040 असतो, मे 2020 च्या विंडोज 10 वर 528372, तर विंडोज 11 वर 528449. म्हणून तपासणी ‘528040 किंवा त्याहून अधिक’ अशी हवी. ‘बरोबर 528040’ अशी अट घातली, तर सर्व काही असूनही इन्स्टॉलर ‘साधन नाही’ म्हणून अडून बसतो. किमान अमुक प्रतीचा माल ठरला असता त्याहून सरस माल आला म्हणून कोणी ट्रक परत धाडीत नाही, तसेच हे.

शिवाय उणिवा सापडल्यास त्या साऱ्या एकदम व सोप्या भाषेत सांगाव्यात. एक उणीव भरून काढल्यावर दुसरी, मग तिसरी, असे करण्यात पेढीचा दिवस फुकट जातो.

आता माघार, म्हणजे ‘कॅन्सल’चे बटण. 1999 साली ऑफिस 2000 बरोबर मायक्रोसॉफ्टने विंडोज इन्स्टॉलर आणला. तो काम करीत असताना प्रत्येक कृतीची उलट कृती टिपून ठेवतो आणि काढलेल्या जुन्या फायलींच्या प्रती बाजूस राखतो. मध्येच थांबविल्यास त्या टिपणाच्या आधारे सारे पूर्ववत करतो. यास ‘रोलबॅक’ म्हणतात. काम पक्के झाले की हे टिपण नष्ट होते, मग माघार नाही. मात्र प्रोग्रामरने आपल्या पदरची एखादी खास कृती घातली असेल, उदाहरणार्थ माहितीचा नवा साठा उभारणे, तर तिची उलट कृतीही त्यानेच लिहून द्यावी लागते, आणि क्रमात ती मूळ कृतीच्या आधी नोंदवावी लागते. येथेच पुष्कळदा हयगय होते.

दुसरी गोम अधिक घातक आहे. इन्स्टॉलर तयार करण्यासाठी ‘विक्स’ नावाचे साधन बरेच प्रोग्रामर वापरतात. 2004 साली मायक्रोसॉफ्टने ते सर्वांसाठी खुले केले. त्यात नवी आवृत्ती बसविताना वेगळे काही सांगितले नाही, तर जुनी आवृत्ती आधी पूर्णपणे काढली जाते व मग नवी बसू लागते. मध्ये काम बिघडले किंवा थांबविले, तर नवी बसत नाही आणि जुनीही परत येत नाही. आमच्या पेठेतील एका पेढीवर ऐन मार्चअखेरीस असेच घडले व दोन दिवस बिले हाताने फाडावी लागली. जुनी काढण्याचे काम रोलबॅकच्या कक्षेत, म्हणजे टिपण सुरू झाल्यानंतर, ठेवले असते, तर जुना प्रोग्राम जसाच्या तसा परत आला असता.

अनेक साधने एकामागून एक बसविणारा मोठा इन्स्टॉलर असल्यास त्याचे दर्शनी पडदे व आतील यंत्रणा वेगळी असते. पडद्यावरील ‘कॅन्सल’ आत कळविले गेले पाहिजे. नुसती खिडकी मिटली, तर आत काम चालूच राहते. चालू असलेली पायरी तेथल्या तेथे नेहमीच तोडता येत नाही. म्हणून ‘थांबवीत आहोत’ असे सांगून धीर धरावयास लावणारा इन्स्टॉलर प्रामाणिक समजावा. डॉट नेटसारखे साधन माघारीनंतरही राहू द्यावे, कारण दुसरे प्रोग्राम त्यावर विसंबू शकतात. शेवटी इन्स्टॉलर एक आकडा नोंदवितो: 1602 म्हणजे वापरणाऱ्याने थांबविले, 1603 म्हणजे काम बिघडले, 3010 म्हणजे काम झाले पण संगणक पुन्हा सुरू करावा. स्वेच्छेने घेतलेल्या माघारीस बिघाड म्हणून दाखविणे योग्य नव्हे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानी ठेवावी. रोलबॅक प्रोग्रामला पूर्ववत करतो. आपल्या खतावणीची हमी तो देत नाही. तिची प्रत आधी वेगळ्या डिस्कवर काढून, ती उघडते हे पाहूनच कामास हात घालावा.

म्हणून आमची व्यापारी बंधूंस विनंती अशी की, प्रोग्रामरचे शेवटचे बिल चुकते करण्यापूर्वी एखाद्या मोकळ्या संगणकावर जुनी आवृत्ती बसवावी, नवीचे काम सुरू करावे आणि निम्म्यावर मुद्दाम ‘कॅन्सल’ दाबावे. त्यानंतर जुना प्रोग्राम उघडून कालचे बिल निघाले, तर इन्स्टॉलर खरा. न निघाल्यास ही उणीव दूर करवून घेण्यास तीच योग्य वेळ होय. मार्चअखेर ती वेळ नव्हे.