प्रेस नोटची बातमी होते तेव्हा

मराठी माणसाला बातमीपेक्षा अग्रलेख लवकर सुचतो. यात त्याचा दोष थोडा, परंपरेचा जास्त. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे मराठी-इंग्रजी पत्र सुरू केलं, ते लोकांना नव्या विद्यांची ओळख व्हावी म्हणून. पुढे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींची शतपत्रं आली, १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’. काहीतरी ठणकावून सांगायचं होतं म्हणून ही पत्रं निघाली, आणि सांगणाऱ्यांनी त्याची किंमतही मोजली. ‘केसरी’तल्या लेखांपायी टिळक १९०८ साली मंडालेला गेले. रोजच्या साध्या बातमीला मानाचं पान मिळायला वेळ लागला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या ना. भि. परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला तो १ जानेवारी १९३२ ला, म्हणजे ‘दर्पण’नंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

त्यामुळे आजही नवा वार्ताहर रस्त्यावरच्या खड्ड्यांची बातमी ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ अशी सुरू करतो. डेस्कवरचा उपसंपादक काही न बोलता तो पहिला परिच्छेद उडवतो आणि बातमी दुसऱ्यापासून वाचायला घेतो. बहुतेक वेळा बातमी तिथेच सुरू झालेली असते.

कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं हे सहा प्रश्न पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले जातात. ते पाठ करायला पाच मिनिटं लागतात. खरी अडचण वेगळीच असते. वार्ताहराच्या हातात बातमी येते ती दुसऱ्याच्या भाषेत. पोलिसांची प्रेस नोट, जिल्हा माहिती कार्यालयाचं पत्रक, पक्षाचं निवेदन, कारखान्याचा अहवाल. प्रत्येकाला काही सांगायचं असतं आणि काही झाकायचंही असतं. ही आयती भाषा जशीच्या तशी न उचलणं हाच या धंद्याचा पहिला धडा, असं माझं मत आहे.

सरावासाठी रचलेली एक प्रेस नोट पाहू. ‘दि. १४ रोजी सायंकाळी ६ वा.चे सुमारास यातील मयत इसम हे आपले ताब्यातील मोटारसायकलवरून जात असताना, पाठीमागून येणाऱ्या ट्रकवरील चालकाने आपले ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून धडक दिल्याने सदर इसम गंभीर जखमी होऊन मयत झाला.’ ही भाषा फिर्यादीची आहे, तिथे ती शोभते. पेपरात ती अशी यायला हवी : ‘शाळेजवळच्या वळणावर ट्रकने मागून धडक दिल्याने मोटारसायकलवरील शेतकऱ्याचा सोमवारी सायंकाळी मृत्यू झाला.’

पण शाळा, वळण आणि शेतकरी हे तिन्ही शब्द त्या नोटमध्ये नाहीत. ते जागेवर जाऊन किंवा निदान चार फोन करून मिळवावे लागतात. तिथे उभं राहिलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. इथे याआधी कितीदा अपघात झाले? गतिरोधक होता का, असला तर कोणी काढला? रुग्णवाहिका किती वेळाने आली? सार्वजनिक बांधकाम खात्याचं काय म्हणणं आहे? आणि ‘भरधाव’ हे पाहिलं कोणी? पाहणारा भेटला तर त्याचा हवाला द्यायचा, नाहीतर ‘असे पोलिसांनी सांगितले’ हे तीन शब्द जोडायचे. ‘हयगयीने’ मात्र सोडून द्यायचं. हयगय झाली की नाही हे न्यायालय ठरवील.

पहिल्या वाक्यात, म्हणजे इंट्रोत, मराठीची स्वतःची एक पंचाईत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. मंत्र्याचं नाव, खातं, कार्यक्रमाचं ठिकाण, उपस्थित मान्यवर असं सगळं एकाच वाक्यात कोंबलं, तर मंत्र्यांनी नेमकं केलं काय हे कळेपर्यंत वाचक पुढच्या बातमीवर गेलेला असतो. म्हणून इंट्रो वीसएक शब्दांत आटोपावा. मान्यवरांना शेवटच्या परिच्छेदात बसवावं. जागा कमी पडली तर तिथून ते सहज कापता येतात. कात्री खालूनच लागते. लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटते, ऐनवेळी जाहिरात येते, आणि डमीवर, म्हणजे पानाच्या आराखड्यावर, आठ इंचांची धरलेली बातमी चारावर येते. महत्त्वाचं वर आणि बाकीचं खाली, हा उलट्या मनोऱ्याचा नियम या कात्रीसाठीही आहे. खिळे जुळवण्याचे दिवस गेले, पण कात्री काही गेली नाही.

शब्दांत सर्वांत प्रामाणिक शब्द ‘म्हणाले’. नवशिक्यांना तो मिळमिळीत वाटतो, म्हणून ते ‘ठणकावले’, ‘फटकारले’, ‘कबूल केले’ असं लिहितात. ‘कबूल केले’ म्हटलं की समोरच्याने काही लपवलं होतं हे आपणच ठरवून टाकतो. तसंच ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ यांतलं अंतर. ते न पाळणाऱ्याला अब्रुनुकसानीची नोटीस आली, तर नवल वाटायला नको. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख छापणं हा तर कायद्याने गुन्हाच आहे. नाव गाळलं पण गाव, गल्ली आणि वडिलांचा धंदा दिला, तरी ओळख पटतेच.

‘या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. तिच्यामुळे संपादकाची कायदेशीर जबाबदारी मात्र टळत नाही. संपादक, मुद्रक आणि प्रकाशकाची नावं अंकावर छापायची ती याचसाठी. १८६७ च्या कायद्याखाली ती बंधनकारक होती. आता त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे.

बातमीदारी शिकायला पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, इतर विद्यापीठांतही अभ्यासक्रम आहेत. पण प्रवेश मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. आपल्या गावातल्या पुढच्या ग्रामसभेला वही घेऊन जा. इतिवृत्तात काय लिहिलं जातंय ते ऐका, मग मागच्या बाकांवर बसलेल्यांना विचारा, आणि घरी येऊन दीडशे शब्दांत बातमी लिहा. त्यातलं कोणतं वाक्य कोणाच्या हवाल्याने लिहिलं ते समासात टिपून ठेवा. ज्या वाक्यापुढे नाव लिहिता येत नाही, ते खोडा.