समुद्रावरील जीवरक्षक तराफा : त्याची निवड व निगा



मासेमारीकरितां दूर समुद्रांत जाणाऱ्या नौकेवर ज्या अनेक वस्तु असतात, त्यांपैकीं बहुतेक रोज कामास येतात. जाळें रोज पाण्यांत पडतें, यंत्र रात्रंदिवस चालतें, बर्फ दर फेरीस नवा भरावा लागतो. अशा वस्तूंत कांहीं बिघाड झाला तर तो तांडेलाच्या तत्काळ लक्षांत येतो, कारण त्याचा फटका त्याच दिवशीं बसतो. परंतु एक वस्तु अशी आहे कीं, ती वर्षानुवर्षें केबिनच्या टपावर निमूटपणें पडून असते, एक पैही मिळवून देत नाहीं, आणि तिच्यांतील दोष जेव्हां कळून येतो तेव्हां तो दुरुस्त करण्यास वेळ उरलेला नसतो. ती वस्तु म्हणजे जीवरक्षक तराफा. आमच्या बंदरांत त्यास ‘लाइफ राफ्ट’ ह्याच नांवानें ओळखतात. हा तराफा कसा निवडावा, कसा बांधावा व त्याची निगा कशी राखावी, ह्याविषयीं आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

अरबी समुद्रांत वादळें क्वचित् होतात, अशा समजुतीवर आतां कोणीं विसंबूं नये. सन २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ वादळांत केरळ व तामिळनाडूकडील कित्येक नौका वाहत येऊन देवगडच्या आश्रयास लागल्या. दक्षिणेकडील पुष्कळ कोळी बांधव तर परतलेच नाहींत. पुढें २०२१ च्या मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळानें आपल्या सबंध किनाऱ्यास तडाखा दिला. नौका खोल समुद्रांत असतां असा प्रसंग आला, तर मदत येईपर्यंतचे तास अगर दिवस काढण्यास तराफ्यावांचून दुसरें साधन उरत नाहीं.

प्रथम ह्या वस्तूची रचना पाहूं. रबराचा लेप दिलेल्या बळकट कापडाचें एक पोकळ कडें, त्यास तळ आणि वर तंबूसारखें छत, हें सर्व घडी घालून एका फायबरच्या पिंपांत बंद केलेलें असतें. आंत कार्बन डायऑक्साइड वायूनें भरलेलें नळकांडें असतें. पिंपांतून ‘पेंटर’ नांवाची लांब दोरी बाहेर आलेली असते. ती संपूर्ण बाहेर ओढून शेवटीं जोराचा हिसका दिला, कीं नळकांड्याचें तोंड उघडतें आणि साधारण एका मिनिटांत तराफा फुगून तयार होतो. कड्याचे निदान दोन स्वतंत्र कप्पे असतात. एक फाटला तरी दुसऱ्यानें माणसें तरंगावींत, अशी ती योजना आहे.

छत हा शोभेचा भाग नव्हे. फेब्रुवारी १९६८ मध्यें इंग्लंडांतील हल बंदराची ‘रॉस क्लीव्हलँड’ ही मासेमारी नौका आइसलंडच्या एका खाडींत हिमवादळांत बुडाली. तिघे जण तराफ्यांत पोहोंचले. त्यांपैकीं हॅरी एडम हा डेकवर काम करीत असल्यामुळें पुरत्या जाड कपड्यांत होता. इतर दोघांच्या अंगावर पुरेसें वस्त्र नव्हतें. ते दोघे थंडीनें तराफ्यांतच गतप्राण झाले, आणि एकटा एडम जिवंत किनाऱ्यास लागला. तराफ्यानें तिघांनाही तरंगविलें. परंतु थंडीपासून रक्षण होणें ही स्वतंत्र गोष्ट ठरली. आपला समुद्र इतका थंड नाहीं हें खरें. तथापि ओल्या अंगानें रात्रभर वारा सोसणाऱ्या मनुष्याची ऊब येथेंही झपाट्यानें जाते, आणि दिवसा ऊन त्याच्या शरीरांतील पाणी शोषून घेतें. सबब, विकत घेतांना छत, दुहेरी तळ आणि तराफा उलटूं नये म्हणून खालीं लोंबणाऱ्या पाण्याच्या पिशव्या, ह्या तीन गोष्टी अवश्य पाहाव्या.

दुसरी गोष्ट माणसांच्या संख्येची. तराफा किती जणांचा हें पिंपावर लिहिलेलें असतें. तो खलाशांच्या संख्येहून लहान असूं नये हें उघड आहे. परंतु फार मोठाही असूं नये, कारण थोड्या माणसांचा मोठा तराफा हलका पडून वाऱ्यानें उलटण्याचा संभव वाढतो व त्यांत ऊबही राहत नाहीं. ट्रॉलरवरील सहा-आठ जणांस एक तराफा पुरेल. पर्ससीनच्या नौकेवर वीसांहून अधिक माणसें असतात. तेथें एका अवजड तराफ्यापेक्षां दोन मध्यम तराफे दोन बाजूंस ठेवणें अधिक श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट आंतील सामानाची. ‘सोलास’ नामक आंतरराष्ट्रीय नियमांत दोन प्रकारचे संच आहेत. ‘अ’ संचांत माणशीं दीड लिटर पाणी, अन्न, मासे धरण्याचें साहित्य आणि पूर्ण संख्येनें संकटसूचक दारू असते. ‘ब’ संचांत अन्नपाणी नसतें व दारूही निम्मी असते. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या नौकेनें ‘अ’ संचच घ्यावा. जहाजें मोडण्याच्या धंद्यांतून निघालेले जुने तराफे बाजारांत स्वस्त मिळतात. असा तराफा अधिकृत दुरुस्ती-केंद्रांत उघडून, फुगवून, प्रमाणपत्र मिळाल्यावांचून घेऊं नये. नुसतें पिंप पाहून आंतील कापडाची अवस्था कोणासही सांगतां येणार नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे बांधणी. पिंप एका पट्ट्यानें नौकेस जखडलेलें असतें, आणि त्या पट्ट्यास ‘हायड्रोस्टॅटिक रिलीज’ नांवाची एक लहानशी कळ जोडलेली असते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, दर दहा मीटरांस सुमारें एका वातावरणाइतका, हा शाळेंतील धडा येथें उपयोगी पडतो. नौका बुडूं लागली व कोणास तराफा सोडण्यास अवसर मिळाला नाहीं, तरी ४ मीटर खोलीच्या आंतच पाण्याच्या दाबानें ही कळ आपोआप सुटते, पट्टा मोकळा होतो आणि पिंप वर तरंगत येतें. नौका खालीं जात असतां पेंटर दोरी ओढली जाऊन तराफा फुगतो. पण मग नौका त्यासही खालीं ओढील कीं नाहीं? तें टाळण्यासाठीं दोरीचें टोंक थेट नौकेस न बांधतां मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या एका दुव्यास बांधतात. सुमारें सव्वादोनशें किलोची ओढ बसतांच हा दुवा तुटतो आणि फुगलेला तराफा मोकळा राहतो.

ह्यावरून तीन चुका कशा प्राणघातक होतात हें ध्यानांत येईल. दोरी कच्चा दुवा सोडून थेट कठड्यास बांधली, तर फुगलेला तराफा नौकेबरोबर तळास जातो. दोरी कोठेंच बांधली नाहीं, तर पिंप न उघडतां वाहून जातें. आणि चोरीच्या भीतीनें पिंपावरून जादा दोरखंड आवळला अगर कुलूप घातलें, तर कळ सुटूनही पिंप जागचें हलत नाहीं. कळीवर रंग लावूं नये. पिंपावर जाळीं, टोपल्या रचूं नयेत. वर डोलकाठीचे तणावे किंवा छप्पर आड येणार नाहीं अशी मोकळी जागा निवडावी. पिंपाच्या तळाशीं पाणी निघून जाण्याचीं भोकें असतात, म्हणून तें उलटें बसवूं नये.

निगेचा मुख्य नियम एकच : तराफा दर बारा महिन्यांनीं अधिकृत केंद्रांत तपासून घ्यावा. तेथें तो फुगवून हवेचा दाब टिकतो कीं नाहीं हें पाहतात, नळकांड्याचें वजन करून वायु पुरता आहे याची खात्री करतात, आणि मुदत संपलेली दारू, पाणी, बॅटऱ्या बदलतात. स्वतः पिंप उघडूं नये. न उघडणारी, बदलावयाच्या जातीची कळ बसविल्यापासून दोन वर्षांनीं बदलावयाची असते. तिच्यावर महिना व वर्ष नोंदलेलें आहे ना, हें पाहावें. ह्या कामास आपल्याकडे काळ आयताच मिळतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, नौका शाकारून ठेवलेल्या असतात. जाळीं विणण्याबरोबरच तराफाही तेव्हांच तपासणीस पाठविला, तर नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ देतांना प्रमाणपत्र हातीं असेल.

शेवटीं वापराविषयीं. नौका खरोखर बुडत असल्याखेरीज तराफ्यांत जाऊं नये. सन १९७९ च्या ‘फास्टनेट’ शर्यतींत वादळ होऊन १५ स्पर्धक मृत्यु पावले. त्यांत २४ नौका माणसांनीं सोडल्या, परंतु बुडाल्या अवघ्या पांच. बाकीच्या मागाहून तरंगत सांपडल्या. मोठी वस्तु शोधकांस लवकर दिसते, हेंही विसरूं नये. उतरावयाचेंच ठरलें, तर सर्वांनीं लाइफ जॅकेट व असतील ते कपडे अंगावर चढवावे, संकटाचा संदेश पाठवावा आणि दोरी भक्कम बांधली आहे हें पाहून पिंप वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूस टाकावें. होतां होईल तों पाण्यांत उडी न घेतां थेट तराफ्यांत पाऊल ठेवावें.

आंत गेल्यावर चार कामें क्रमानें करावींत : दाराशीं ठेवलेल्या सुरीनें दोरी कापावी, कापडी नांगर पाण्यांत सोडावा, छत बंद करावें, आणि पाणी उपसून सर्व कांहीं ठाकठीक राखावें. पहिले चोवीस तास जखमींखेरीज कोणीं पाणी पिऊं नये. समुद्राचें पाणी तर केव्हांही पिऊं नये. दारूची नळी जहाज अगर विमान प्रत्यक्ष दिसल्यावरच पेटवावी. उपग्रहामार्फत संदेश देणारें ‘डॅट’ यंत्र नौकेवर असेल, तर तें बरोबर घ्यावें. किनाऱ्यावरील मंडळींनींही तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पाठ करून ठेवावा. नौका ठरल्या वेळीं न परतल्यास पहिली खबर त्यांनींच द्यावयाची असते.

नाखवा मंडळीस माझी एवढीच विनंती आहे कीं, येत्या हंगामापूर्वीं एकदां टपावर चढून चार गोष्टी स्वतः पाहाव्या : तपासणीची तारीख, कळीची तारीख, दोरी कोणत्या दुव्यास बांधली आहे, आणि पिंपावर जादा दोरखंड तर नाहीं ना. त्यास अर्धी घटका पुरेल. हीच माहिती सर्वांत धाकट्या खलाशासही समजावून सांगावी. कारण प्रसंगीं तराफ्याजवळ कोण उभा असेल, हें आधीं ठरवितां येत नाहीं.