‘चालत नाही’ म्हणजे नेमके काय?

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा हा तालुका विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ. सह्याद्रीच्या रांगा, त्यांमधील खोल दऱ्या, डिग्गी गावाजवळ उगम पावणारी काळी नदी, २००७ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेले व २०१५ पासून ‘काळी व्याघ्र प्रकल्प’ या नावाने ओळखले जाणारे अरण्य, आणि या साऱ्यांत विखुरलेल्या लहान लहान वाड्या, असे त्याचे रूप आहे. पूर्वी यास सुपा तालुका म्हणत. गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले, सुपा गाव जलाशयात गेले, आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. त्या धरणाच्या पायथ्याशी पन्नास-पन्नास मेगावॅटची दोन जनित्रे वीज निर्माण करतात. तरीही आषाढात एखादे झाड तारेवर कोसळले की याच मुलुखातील वाड्या अंधारात बसतात, आणि अंधाराबरोबर फोनही मुका होतो.

हे सांगण्याचे कारण असे की, आता फोन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांची शिष्यवृत्ती, वृद्धांचे निवृत्तिवेतन, रेशन, जमिनीची पहाणी, बँकेतील पैसा या सर्वांची वाट त्या हातभर पडद्यातून जाते. ती अडली की आमच्याकडे एकच वाक्य ऐकू येते: ‘चालत नाही.’ फोन चालत नाही, साइट चालत नाही, अंगठा चालत नाही. वस्तुतः हे रोगाचे नाव नव्हे, ती केवळ कण्हण्याची भाषा झाली. वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा उगाळीत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण निदानाआधीच उपचारास लागतो: फोन आपटतो, पुनःपुन्हा कळा दाबतो, किंवा घाबरून तो भलत्याच माणसाच्या हाती देतो. या शेवटच्या उपचाराने आयुष्यभराची पुंजी गेल्याची उदाहरणे आज गावोगाव आहेत. म्हणून निदानाचा क्रम घरातील प्रत्येकास ठाऊक असावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिला प्रश्न: माझेच की सर्वांचे?

रेंज गेली की प्रथम शेजाऱ्याला विचारावे, ‘तुमचा लागतो का?’ सर्वांचेच बंद असेल तर दोष टॉवरकडे आहे. आपल्या फोनची खटपट व्यर्थ होय. टॉवरलाही वीज लागते. ती गेली की तो बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी संपली की परिसरातील सारे फोन एकदम गप्प होतात. आपलाच फोन बंद असेल तर मात्र तो एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा, सिमकार्ड काढून कोरड्या कापडाने पुसून पुन्हा बसवावे, आणि चुकून ‘विमान मोड’ दाबला गेला आहे काय, ते पाहावे.

डोंगरी मुलुखात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. फोनच्या लहरी बव्हंशी सरळ जातात. मध्ये डोंगराची सोंड आली की पलीकडच्या दरीत त्यांची सावली पडते. पावसात भिजलेले दाट पानही त्यांचा काही अंश शोषून घेते. कमी कंपनसंख्येच्या लहरी दूरवर पोचतात, अधिक कंपनसंख्येच्या लवकर क्षीण होतात. त्यामुळे फोर-जी नाहीसे झाले तरी कधी कधी टू-जी शिल्लक असते, आणि बोलण्यास व साध्या मेसेजला ते पुरते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातील संपर्काबाहेरच्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परंतु टॉवर आला तरी डोंगर हलत नाही. रेंज नसलेल्या जागी फोन सारखा टॉवर शोधीत राहतो व त्याची बॅटरी झपाट्याने उतरते. अशा वेळी ‘विमान मोड’ लावून ठेवणे शहाणपणाचे. घरात तारेने आलेले इंटरनेट असेल तर फोनमधील ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करावे. रेंज नसतानाही बोलणे होऊ शकते.

ओटीपीची वाट

आमच्याकडील सर्वांत मोठी अडचण ओटीपीची. अर्ज भरावयाचा तर इंटरनेट हवे, आणि त्याच क्षणी मेसेजही यावयास हवा. मेसेज पोस्टाच्या थैलीसारखा असतो: फोन रेंजबाहेर असेल तर तो कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि फोन रेंजमध्ये आला की पोचतो. ओटीपीचे आयुष्य मात्र काही मिनिटांचे. त्यामुळे टेकडीवर पोचताच एकदम चार ओटीपी येतात आणि चारांपैकी एकही लागत नाही. २०२० साली शाळा बंद असताना मुले रेंजसाठी टेकड्यांवर जाऊन बसत. तोच मार्ग येथेही धरावा. आधी रेंजच्या जागी स्थिर व्हावे, मगच ओटीपी मागवावा, आणि पुन्हा मागविल्यास शेवटी आलेलाच भरावा.

तरीही ओटीपी येत नसेल तर तो कोणत्या क्रमांकावर जातो हे तपासावे. पुष्कळदा आधारला किंवा बँकेला दिलेला क्रमांक जुना असतो. रिचार्ज न केलेला क्रमांक काही काळाने बंद होतो व पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. म्हणजे आपल्या घराची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात गेली! क्रमांक बदलला की त्याच आठवड्यात बँक व आधार या दोन्ही ठिकाणी कळवावे.

‘सर्व्हर डाऊन’

साइट उघडत नसेल तर दुसरी एखादी परिचित साइट उघडून पाहावी. तीही उघडत नसेल तर दोष आपल्या इंटरनेटचा. ती उघडली तर दोष त्या कचेरीच्या यंत्राचा. दुसऱ्या प्रकारात धीर हाच उपाय. शेवटच्या तारखेला सारे राज्य एकाच दारात उभे असते. अर्ज आठ दिवस आधी, सकाळी लवकर भरावा. पडद्यावर जी त्रुटी दिसेल तिचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. उद्या मुदत टळल्याचा वाद झाला तर ‘साइट चालत नव्हती’ या तोंडी तक्रारीपेक्षा तारीख-वेळेसह ते चित्र अधिक बोलते.

जुन्या कॉम्प्युटरवर कधी प्रत्येक साइट ‘असुरक्षित’ म्हणून नाकारली जाते. अशा वेळी कोपऱ्यातील तारीख पाहावी. कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळासाठी नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की बंद-सुरू करताना तारीख कित्येक वर्षे मागे जाते. साइटच्या ओळखपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरच्या लेखी ते ओळखपत्र अजून जन्मलेलेच नसते, म्हणून तो दार उघडीत नाही. तारीख दुरुस्त करावी, ती छोटी बॅटरी बदलावी, काम भागते.

एका माणसाची तीन नावे

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांना छळणारा दोष यंत्रात नसून नावात असतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. मराठी माणूस इंग्रजीत त्याचा आरंभ ‘डी’ या अक्षराने करतो, कारण आपण ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो. कर्नाटकातील कारकून त्याच नावाचा आरंभ ‘जे’ने किंवा ‘जी’ने करील. दोघेही आपापल्या परीने बरोबरच. पण कॉम्प्युटर अक्षरास अक्षर ताडून पाहतो, त्यास तीन माणसे दिसतात. तीच गत आडनावाची. आपली रीत नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी. येथील पुष्कळ कागदांवर नाव आणि एक-दोन आद्याक्षरे एवढेच असते.

याहून कठीण स्थिती आपल्या लेकीसुनांची. विवाहानंतर मधले नाव बदलते, आडनाव बदलते, आणि जुन्या चालीप्रमाणे सासरी पाळण्यातले नावही बदलत असे. शाळेच्या दाखल्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे, बँकेत तिसरे. पती हयात असेपर्यंत कोणी पाहत नाही. विधवा-वेतनाचा अर्ज करावयाची वेळ आली की पडद्यावर ‘नाव जुळत नाही’ असे उमटते, आणि ज्या बाईने या घरात चाळीस वर्षे काढली तिला आपण तीच आहोत हे सिद्ध करावे लागते. यावर उपाय ऐनवेळी नव्हे, आज करावयाचा आहे. जन्माचा किंवा शाळेचा दाखला आधार मानून एक वर्णलेखन ठरवावे, आणि आधार, बँक, शिधापत्रिका, पहाणी या क्रमाने ते सर्वत्र तंतोतंत करून घ्यावे. शाळेत मुलाचे नाव घालताना पालकांनी हे वर्णलेखन लिहून द्यावे. नोंदवहीतील एका अक्षराचे ओझे त्याला पुढे जन्मभर वाहावे लागते.

शिष्यवृत्ती ‘जमा’ दिसते पण हाती येत नाही, अशीही तक्रार असते. आधारच्या आधारे येणारा पैसा ज्या बँकेत आधार अखेरीस जोडले गेले तिच्याकडे जातो. मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल तर ते पुस्तक आधी भरून आणावे.

न उमटणारा अंगठा

एके काळी अंगठा ही निरक्षराची खूण होती. आता तो सर्वांनाच लावावा लागतो, आणि शेतात, रानात राबणाऱ्याचाच उमटत नाही. बोटांवरील रेषा श्रमाने झिजतात. हात धुऊन कोरडे करावे, यंत्राची काच पुसावी, दुसऱ्या बोटाने पाहावे. तरीही न जुळल्यास डोळ्याच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा ओटीपीवरून ओळख पटविण्याची सोय आधारच्या व्यवस्थेत आहे, ती मागावी. मुलांच्या बोटांचे ठसे पाचव्या व पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. ते न दिल्यामुळे पुष्कळांची कामे अडतात. आधारविषयी विचारणा १९४७ या क्रमांकावर करता येते.

अक्षरे का फुटतात?

मराठी मजकूर दुसऱ्याच्या फोनवर विचित्र दिसतो, याची तीन रूपे आहेत आणि तिन्हींचे कारण निराळे.

इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसला तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती बसविलेली असे. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. रिकामे चौकोन दिसले तर अक्षर सुखरूप पोचले आहे, फक्त आपल्या जुन्या फोनला त्याची आकृती ठाऊक नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. जुन्या यंत्रांवर त्याच्या जागी चौकोन दिसतो. फोन अद्ययावत करावा. ओळभर प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र अक्षरे वाटेतच हरवली. पाठविणाऱ्यास पुन्हा पाठविण्याची विनंती करावी.

‘आचार्यांना’ बोलाविले आणि ‘आचाऱ्यांना’ बोलाविले यांत पंगतीएवढा फरक आहे! दुसरे रूप हवे असल्यास खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्ताचे चिन्ह, मग ‘य’ टंकावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबली की तो ‘ऱ’ मिळतो.

पाऊस आणि वीज

भिजलेला फोन चार्जरला लावू नये. बंद करून, पुसून, हवेशीर जागी ठेवावा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा प्रघात सोडावा. बारीक कण आत शिरतात, आणि ॲपल कंपनीनेही तसे न करण्यास सांगितले आहे. वळवाचा गडगडाट ऐकताच चार्जर व कॉम्प्युटर यांच्या पिना भिंतीतून काढाव्यात; नुसते बटण बंद करणे पुरत नाही.

घाबरलेल्याचा मदतनीस

काम अडले की मनुष्य मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधतो, आणि तेथे ठकांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. समोरचा मृदू मराठीत बोलतो, एखादे ॲप घ्यावयास लावतो, आणि आपला पडदा दूर बसून पाहू लागतो. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरूनच घ्यावा. ओटीपी कोणासही वाचून दाखवू नये. पैसे येताना पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका विलंब कमी तितकी रक्कम वाटेत अडविण्याची आशा अधिक.

शेवटी एक सूचना. प्रत्येक घरात या कामासाठी एक वही असावी. कोणता फोन क्रमांक कोठे दिला आहे, अर्जांचे क्रमांक व तारखा, नावाचे ठरलेले वर्णलेखन, आणि ‘स्टार हॅश शून्य सहा हॅश’ दाबल्यावर दिसणारा फोनचा पंधरा अंकी क्रमांक तीत लिहावा. फोन हरवल्यास त्या क्रमांकावरून ‘संचार साथी’च्या सोयीने तो बंद पाडता येतो. पिन मात्र तीत कदापि लिहू नये. वही लिहिण्याचे काम घरातील शाळकरी मुलाकडे द्यावे आणि आजीने शेजारी बसून ते ऐकावे. पुढच्या वेळी आजी ‘चालत नाही’ एवढ्यावर थांबणार नाहीत. ‘शेजारचाही बंद आहे, टॉवरची वीज गेली असावी, उद्या सकाळी पाहू,’ असे सांगतील आणि निश्चिंतपणे आपल्या कामाला लागतील.