परदेशाच्या शासनव्यवस्थेचा अभ्यास : ओळखीचे शब्द आणि अनोळखी अर्थ



इंग्रजीच्या प्रकल्पकार्यात परदेशाच्या शासनव्यवस्थेविषयी इंग्रजी साधनांतून माहिती मिळवून तिच्यावर मराठीत टिपण लिहावयाचे असते. बहुतेक विद्यार्थी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची निवड करतात, आणि ते स्वाभाविकही आहे. त्या देशाच्या बातम्या रोज कानांवर पडतात आणि अनेकांचे नातेवाईक तेथे राहतात. शिवाय तेथील संविधान आटोपशीर आहे. मूळ संहिता सात अनुच्छेदांची, सुमारे साडेचार हजार शब्दांची; तीत आजवर झालेल्या दुरुस्त्या २७. आपले संविधान अमलात आले तेव्हाच त्यात ३९५ अनुच्छेद होते. त्या मानाने अमेरिकेची संहिता दोन-तीन बैठकींत वाचून होते.

अडचण येते ती वाचून झाल्यावर. टिपणे तपासताना असे दिसते की अवघड शब्दांपाशी विद्यार्थी सहसा चुकत नाहीत. 'फिलिबस्टर'सारखा शब्द आला की ते थांबतात, शब्दकोश उघडतात, केंद्रावरील मार्गदर्शकांना विचारतात. चूक होते ती 'गव्हर्नमेंट', 'सेक्रेटरी', 'गव्हर्नर' या शब्दांपाशी. हे शब्द आपण शाळेपासून ऐकत आलो असल्यामुळे त्यांचा अर्थ शोधण्याची गरजच कोणाला वाटत नाही. प्रस्तुत घटकात अशाच काही शब्दांचा विचार करावयाचा आहे.

१. सरकार पडणे आणि सरकार बंद होणे

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आपल्या टिपणात पुढील आशयाचे वाक्य लिहिले होते : २०१८ च्या अखेरीस अमेरिकेचे सरकार पडले व तेथे ३५ दिवस राष्ट्रपती राजवट लागू होती. परीक्षकाने वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि गुण कापले. गुण कापणे योग्यच होते. तथापि ही चूक अज्ञानातून झालेली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. विद्यार्थिनीने इंग्रजी बातमी नीट वाचली होती. 'गव्हर्नमेंट शटडाउन' या शब्दप्रयोगातील दोन्ही शब्द तिला ठाऊक होते. सरकार चालेनासे झाले म्हणजे ते पडले, आणि सरकार पडल्यावर नवे येईपर्यंत राष्ट्रपती राजवट, ही आपल्या राज्यांच्या राजकारणात अनेकदा पाहिलेली साखळी तिने तेथे जोडली. तिचा तर्क बिनचूक होता. फक्त तो दुसऱ्या देशाच्या व्यवस्थेचा होता.

प्रत्यक्षात काय घडले होते? अमेरिकेच्या संविधानानुसार कायद्याने मंजुरी मिळाल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढता येत नाही आणि ही मंजुरी देण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तेथील विधिमंडळाचा आहे. तेथील आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोपर्यंत खर्चाची विधेयके संमत झाली नाहीत तर तात्पुरती मंजुरी देऊन वेळ निभावतात. आपल्याकडील लेखानुदानाशी तिचे थोडे साम्य आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अशीच एक तात्पुरती मुदत संपत आली होती. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी पैसा हवा होता आणि तो देण्यास काँग्रेस राजी नव्हती. मुदत संपली. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ या काळात अनेक खात्यांचे कामकाज थांबले. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचा पगार अडकला. त्यांतील काहींना घरी बसावे लागले, तर विमानतळावरील तपासनीसांसारख्या काहींना पगाराविना कामावर यावे लागले. वॉशिंग्टनमधील सरकारी संग्रहालयांची दारेही बंद झाली.

या सर्व काळात अध्यक्ष मात्र पदावरच होते, आणि त्यांनी राजीनामा द्यावा अशी घटनात्मक अपेक्षाही नव्हती. हा मुद्दा पुरता समजून घ्या. आपल्याकडे मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. अर्थसंकल्पावर लोकसभेत पराभव झाला तर मंत्रिमंडळाला जावे लागते. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार विश्वासदर्शक ठरावावर एका मताने पडले, हे तुमच्यांपैकी अनेकांना आठवत असेल. अमेरिकेत अध्यक्षाची मुदत चार वर्षांची ठरलेली असते आणि विधिमंडळाचा विश्वास हा त्याच्या पदाचा आधारच नसतो. त्यामुळे तेथे सरकार 'पडू' शकत नाही. पैसा अडला तर ते 'बंद' होऊ शकते, एवढेच.

येथे आपल्या 'सरकार' या शब्दाकडेही एकदा पाहिले पाहिजे. फारसीतून आलेला हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. 'सरकार पडले' असे म्हणताना मंत्रिमंडळ अभिप्रेत असते, तर 'सरकारी दवाखाना' म्हणताना कायम चालणारी यंत्रणा. मंत्रिमंडळ पडले म्हणून सरकारी दवाखाना बंद होत नाही. अमेरिकेत ३५ दिवस जे घडले ते याच्या नेमके उलट होते : सत्तेवरील मंडळी जागेवर आणि यंत्रणेचा मोठा भाग ठप्प. 'गव्हर्नमेंट' या शब्दात तेथे विधिमंडळ, अध्यक्ष, न्यायालये आणि सर्व खाती यांचा समावेश होतो. सत्तेवरील अध्यक्ष व त्याची माणसे यांच्यासाठी तेथे 'ॲडमिनिस्ट्रेशन' हा वेगळा शब्द आहे. आपली वृत्तपत्रे त्याचे भाषांतर 'प्रशासन' असे करतात. 'जिल्हा प्रशासन' या शब्दाने ज्याच्या डोळ्यांसमोर जिल्हाधिकारी कार्यालय उभे राहते त्या वाचकाला हे भाषांतर कितपत उपयोगी पडते, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका आहे. वाक्याच्या संदर्भानुसार 'अध्यक्ष आणि त्यांचे सहकारी' असे लिहिणे कधीकधी अधिक बरे.

२. सेक्रेटरी : सचिव की मंत्री?

'सेक्रेटरी' म्हणजे सचिव, हे समीकरण मंत्रालयाशी संबंध आलेल्या कोणालाही पाठ असते. मंत्री निवडून येतो आणि जातो. सचिव हा सनदी अधिकारी असतो. अमेरिकेत मात्र 'सेक्रेटरी' हा खात्याचा राजकीय प्रमुख असतो. त्याची निवड अध्यक्ष करतो आणि सिनेटच्या संमतीने त्याची नेमणूक होते. अध्यक्ष त्याला दूरही करू शकतो. म्हणजे कामाच्या दृष्टीने तो मंत्री झाला. परंतु येथेही एक फरक राहतोच. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांच्या आत संसदेचा सदस्य व्हावेच लागते. अमेरिकेत काँग्रेसच्या सदस्याला हे पद स्वीकारण्यासाठी आपली जागा सोडावी लागते. ब्रिटनमध्ये तर एकाच खात्यात दोन्ही अर्थ नांदतात. तेथे 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' हा मंत्री असतो आणि त्याच्या हाताखालचा 'पर्मनंट सेक्रेटरी' हा सनदी अधिकारी.

अमेरिकेतील 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' हे पद परराष्ट्रमंत्र्याचे. या पदाचे 'राज्य सचिव' असे शब्दशः भाषांतर अजूनही अधूनमधून वाचावयास मिळते. नावात 'स्टेट' का आले, याचे उत्तर इतिहासात सापडते. १७८९ च्या जुलै महिन्यात तेथे परराष्ट्र व्यवहारांचे खाते स्थापन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देशाची राजमुद्रा सांभाळणे, कायदे जतन करून प्रसिद्ध करणे अशी अंतर्गत कामेही त्याच्याकडे आली. आता केवळ 'परराष्ट्र' हे नाव अपुरे ठरले आणि खात्याला 'स्टेट' असे नाव मिळाले. १७९० मध्ये थॉमस जेफर्सन यांनी सूत्रे हाती घेतली ती याच नावाच्या पदाची. पुढे अंतर्गत कामांपैकी बरीचशी इतरत्र गेली, नाव तेवढे उरले.

याहून फसवे पद म्हणजे 'सेक्रेटरी ऑफ द इंटीरिअर'. फ्रान्ससारख्या देशात 'इंटीरिअर' खात्याकडे पोलीस असतात. त्यामुळे विद्यार्थी या पदाचे भाषांतर 'गृहमंत्री' असे करून मोकळे होतात. अमेरिकेतील हे खाते १८४९ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्याकडे आहेत संघराज्याच्या मालकीच्या जमिनी, राष्ट्रीय उद्याने आणि मूळ रहिवासी जमातींशी असलेले व्यवहार. पोलिसांशी त्याचा संबंध नाममात्र आहे.

आता थोडे आपल्याकडे वळू. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधान मंडळात १६७४ साली अण्णाजी दत्तो हे 'सचिव' होते आणि दत्ताजी त्रिंबक हे 'मंत्री'. दोघेही प्रधानच. परराज्यांशी व्यवहार पाहणारे रामचंद्र त्रिंबक हे 'सुमंत'. सुरनीस, वाकनीस, डबीर या रूढ फारसी नावांच्या जागी ही संस्कृत नावे आली होती. मराठीत सचिव हा एके काळी प्रधान होता आणि आज तो अधिकारी आहे. एकाच भाषेत काळ बदलल्यावर शब्दाचा हुद्दा असा खालीवर होतो. मग समुद्र ओलांडल्यावर तो तसाच राहील, असे गृहीत धरणे कसे चालेल?

३. मराठी जेथे अधिक नेमकी आहे

परकी भाषा सदैव अधिक काटेकोर असते, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. इंग्रजीत भारताचे आणि अमेरिकेचे सर्वोच्च पदाधिकारी, दोघेही 'प्रेसिडेंट'. मराठीत आपण एकाला राष्ट्रपती म्हणतो आणि दुसऱ्याला अध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्ष. पहिले पदाधिकारी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, दुसरे स्वतः कारभार हाकतात. दोन पदांतील हा भेद मराठीने रूढीने जपला आहे, आणि तुमच्या टिपणात तो पुसला जाऊ नये. 'अमेरिकेचे राष्ट्रपती' असे लिहून काही बिघडत नाही, असे म्हणणारे आहेत. आमच्या मते बिघडते.

'गव्हर्नर'च्या बाबतीत मात्र मराठी उणी पडते. आपला राज्यपाल राष्ट्रपतींकडून नेमला जातो. अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर मतदारांनी थेट निवडलेला असून राज्याचा कारभार तोच पाहतो. 'राज्यपाल' म्हणावे तर तो नामधारी वाटतो, 'मुख्यमंत्री' म्हणावे तर तो विधिमंडळाला जबाबदार असल्याचा भास होतो. अशा वेळी 'गव्हर्नर' हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखापाशी एका वाक्यात खुलासा करावा. 'काँग्रेस' या शब्दालाही असाच खुलासा हवा. १८८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या पक्षाचे नाव मराठी वाचकाच्या मनात इतके घट्ट बसले आहे की 'काँग्रेसने विधेयक फेटाळले' या वाक्याचा वेगळाच अर्थ तो लावू शकतो.

क्रियापदेही तपासून घ्यावीत. लोकसभेत एखादा कागद 'टेबल' केला म्हणजे तो सभागृहाच्या पटलावर ठेवला, विचारासाठी पुढे आला. ही ब्रिटिश परंपरा. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये एखादा प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे तो बाजूला सारला. एकाच इंग्रजी क्रियापदाचे हे दोन अर्थ परस्परविरुद्ध आहेत. 'इम्पीचमेंट' म्हणजे महाभियोग, हे सर्वांना ठाऊक असते. पण प्रतिनिधिगृहाने महाभियोग संमत केला म्हणजे केवळ आरोप ठेवला, निर्णय सिनेटने दोन-तृतीयांश मतांनी द्यावयाचा, हे पुष्कळांना माहीत नसते. अँड्र्यू जॉन्सन, बिल क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर असे आरोप ठेवले गेले, ट्रम्प यांच्यावर तर दोनदा. सिनेटने कोणालाही दोषी ठरवले नाही.

४. हे कोणाच्या कामी येते?

शब्दांची एवढी चिकित्सा पाच-दहा गुणांसाठी कशाला, असे एखाद्यास वाटेल. पुढील प्रसंग विचारात घ्या. अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्याला तेथील इतिहास व शासन यांविषयी तोंडी प्रश्न विचारले जातात. एरवी ही परीक्षा इंग्रजीत होते. परंतु वयाची पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या आणि तेथे कायम रहिवासी म्हणून वीस वर्षे काढलेल्या अर्जदाराला ती दुभाष्याच्या मदतीने आपल्या भाषेत देता येते. समजा, अशा खोलीत एक मराठी आजी बसल्या आहेत आणि त्यांना मंत्रिमंडळातील पदे विचारली जात आहेत. 'सेक्रेटरी'चे दुभाष्याने 'सचिव' केले, तर त्यांच्या डोळ्यांसमोर मंत्रालयातील फायली घेऊन बसलेला अधिकारी येईल आणि आठवत असलेले उत्तर ओठांवर येणार नाही. उत्तर आजींचे असले तरी ते दुभाष्याच्या शब्दावर अवलंबून आहे. वृत्तपत्रात, न्यायालयात, भाषांतराच्या व्यवसायात तुमच्यांपैकी काहींना याच जागी बसावयाचे आहे.

५. टिपण करण्याची पद्धत

कोणतेही पद समोर आले की त्याचा मराठी प्रतिशब्द शोधण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : या व्यक्तीला कोण नेमते, कोण दूर करू शकते आणि तिच्या खर्चाला मंजुरी कोण देते? उत्तरे शक्यतो संविधानाच्या मूळ संहितेत शोधावीत, वृत्तपत्राकडे नंतर वळावे. वृत्तपत्र लिहिणारा आपल्या वाचकाला देशाची व्यवस्था ठाऊक आहे असे धरून लिहितो, आणि परका वाचक नेमका तेथेच अडतो. अभ्यासकेंद्रावर चार-पाच जणांनी मिळून एक सामायिक वही ठेवल्यास काम हलके होते. एकाने एक शब्द घ्यावा, तीन उत्तरे लिहावीत, दुसऱ्याने ती पडताळून पाहावीत. भाषा संचालनालयाचे कोश अवश्य वापरावेत. परंतु हे संचालनालय १९६० मध्ये महाराष्ट्राचा कारभार मराठीतून चालावा यासाठी स्थापन झाले, याचा विसर पडू नये. त्याच्या कोशात 'सेक्रेटरी'समोर 'सचिव' असेल तर ते महाराष्ट्रापुरते बरोबरच आहे.

स्वाध्याय

अमेरिकेतील 'स्पीकर' आणि आपल्या लोकसभेचे अध्यक्ष या दोन पदांची वरील तीन प्रश्नांच्या आधारे तुलना करा. १९४७ च्या कायद्यानुसार अमेरिकेत अध्यक्ष व उपाध्यक्ष ही दोन्ही पदे रिकामी झाल्यास कारभार स्पीकरकडे जातो, ही गोष्ट विचारात घ्या. मग 'स्पीकर'साठी मराठीत कोणता शब्द वापराल, की मूळ शब्दच ठेवाल, ते कारणांसह सुमारे २०० शब्दांत लिहा. टिपणात 'अध्यक्ष' हा शब्द किती वेगवेगळ्या पदांसाठी वापरावा लागला, तेही मोजा.