संमतीपत्रावर सही कुणाची?

दवाखान्यात अम्मीचं ऑपरेशन ठरलं की संमतीपत्रावर सही करायला आपण अब्बांना किंवा मोठ्या भावाला पुढे करतो. अम्मी शुद्धीवर असते, तिला सगळं समजतं, पण तिला कुणी विचारतच नाही.

कायदा काय सांगतो? समीरा कोहली प्रकरणात रुग्णाने फक्त दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी आईला विचारून गर्भाशय आणि बीजकोश काढले. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आईची ही संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान असेल, निर्णय घेऊ शकत असेल, तर संमती त्याचीच हवी. जीव वाचवायला थांबणं शक्यच नसेल, तेवढाच अपवाद.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वैद्यकीय नीती आणि रुग्णाशी संवाद शिकवला जातो. डॉक्टर शिकताहेत, तर आपणही शिकू या. सहीआधी विचारा: आजार नेमका काय? दुसरा इलाज आहे का? धोका किती? ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? मराठी असो वा उर्दू, अम्मीला कळेल त्या जबानीत समजावून मागा. मग पेन तिच्या हातात द्या.