ऐंशी जागा आणि हिंगणीची लेकरे

वर्धा जिल्ह्याला जवाहर नवोदय विद्यालय एकच, सेलूकाटे येथे. सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०. सेलू तालुक्यातील हिंगणीच्या पाचवीतल्या लेकराला या जागेसाठी आयुष्यात एकदाच परीक्षा देता येते. म्हणून समाजबांधवांनी तिचे नियम माहीत करून घेतलेच पाहिजेत, असे आम्ही म्हणतो.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणाने ही शाळा खेड्यातील हुशार मुलांसाठी दिली. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. एकतृतीयांश मुलींच्या. अनुसूचित जातींना जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, मात्र १५ टक्क्यांहून कमी नाही. निवास, भोजन मोफत.

पण बारीक अक्षरातले वाचतो कोण? तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला, तरी मूल शहरी ठरते. कॉन्व्हेंटच्या हौसेपायी वर्ध्याला धाडलेल्या लेकराची ग्रामीण जागा अशी हातची जाते. दुसरे, गुणवत्तेवर खुल्या जागेत निवडलेले मागासवर्गीय मूल राखीव जागेत मोजायचे नसते. 'तुमच्या जागा भरल्या' असे कोणी सांगितले, तर हा नियम दाखवा आणि लेखी उत्तर मागा.

आता गुणवत्तेचे बघू. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे. अंकगणित व भाषा प्रत्येकी २५. या आकृत्या शाळेच्या कोणत्या पुस्तकात शिकवतात? ज्याच्या बापाजवळ शिकवणीचे पैसे, त्याच्या पोराला सराव. मजुराच्या लेकीला ती आकृती पहिल्यांदा परीक्षेतच दिसते. ही गुणवत्तेची परीक्षा की ऐपतीची?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १३ प्रवेशासाठी चाळणी परीक्षेला मनाई करते. त्याच कायद्याने नवोदयला 'विनिर्दिष्ट प्रवर्गा'ची शाळा म्हटले आणि चाळणी चालूच राहिली. घटनेच्या कलम २१-क चा हक्क मात्र निवडक ८० जणांचा नाही, ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाचा आहे.

तेव्हा लढाई दुहेरी आहे. गावोगावच्या विहारांत शिकलेल्या तरुणांनी रविवारी सराव वर्ग घ्यावेत, फुकट घ्यावेत. आणि ग्रामसभेत उभे राहून विचारावे, आमच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षकांची पदे किती, भरलेली किती? नवोदयात जाणाऱ्या लेकराचे कौतुक जरूर करू. पण गावातच राहणाऱ्या लेकरांची शाळा मोडू देणार असू, तर ते कौतुक कशाचे?